लॉनवर चायनीज वॉकीटॉकी वापरून राहिलो, रात्री अकराला एक काका मधात बोलले "कॉलसाइन सांगा". हे काय असते?

बिछायतवाला_नागपूर

नमस्कार राजेहो. आमचं बिछायत केंद्र आहे, बाबांच्या काळापासून, आता केटरिंगपण घेतो. वर्धा रोडकडे ते मोठमोठे लॉन आहेत नं, तिथं किचन एका टोकाला, स्टेज दुसऱ्या टोकाला अन् पार्किंग तर पार रोडच्या पलीकडे. डीजे सुरू झाला की मोबाईलवर घंटा ऐकू येत नाही, अन् पोट्टे तसेही फोन उचलत नाहीत. म्हणून मागच्या सीझनला एका ओळखीच्याकडून सहा सेट घेतले, बाओफेंगचे, पाच वॅटवाले. त्यानंच चॅनल भरून दिले, टोन का काय ते टाकून दिला, म्हणे आता तुमचं कोणी ऐकू शकत नाही, एकदम प्रायव्हेट. काम लय मस्त चालू होतं. "पनीर संपत आलं", "वरात गेटवर आली, हार घेऊन या", असं सगळं धडाधड.

तर मागच्या शुक्रवारी रात्री अकराचा टाइम, सामान आवरणं चालू, मी सेटवर ओरडून राहिलो होतो की पाइप आधी गाडीत टाका मग गाद्या, अन् मधातच एक आवाज आला. एकदम शांत, वयस्क, आकाशवाणीवर बातम्या देतात नं तसा. म्हणे "ही फ्रिक्वेन्सी हौशी रेडिओची आहे, आपलं कॉलसाइन सांगा." मी म्हटलं कायचं साइन? तर म्हणे "बाळा, मग सेट बंद कर आणि आधी चौकशी कर." बस. मग चूप. मी तीनदा हॅलो हॅलो केलं, कोणीच बोललं नाही, अन् खरं सांगू का, ते चूप होणंच जास्त डेंजर वाटलं मला.

आता विकणारा म्हणते लायसन बिसन काही लागत नाही, ऑनलाइन मिळते म्हणजे कायदेशीरच असते नं. दुसरा एक जण म्हणते हॅमचं, म्हणजे त्याच हौशी रेडिओचं, लायसन काढून घे, हजार रुपयात होते, मग कोणाच्या बापाचं टेन्शन नाही. काढू का? अन् एक प्रामाणिक प्रश्न, खरंच कोणी पकडते का? डिसेंबरात अकरा लग्नं आहेत माझ्याकडे.

तर्रीबाज

थांब थांब थांब. स्टेजवाला पोट्टा प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ओव्हर ओव्हर" दोनदा म्हणते तो तुझा का? माझा मामेभाऊ हॅम आहे, मनीषनगरला राहते, गच्चीवर त्याचा अँटेना आहे. दोन महिन्यांपासून आम्ही तुमची लग्नं ऐकून राहिलो बे. "गुलाबजाम बाहेर काढू नका, मुलाकडचे दोन-दोनदा घेऊन राहिले" हे कोणाचं होतं? त्या दिवशी आम्ही हसून हसून लोळलो. प्रायव्हेट म्हणे 😂

अँटेनाकाका

बिछायतवाले भाऊ, तो आवाज माझा नाही, पण तुम्ही कुठल्या फ्रिक्वेन्सीवर होते ते मला अंदाजानं सांगता येते, १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास असणार. आपल्याकडे १४४ ते १४६ हा हॅमचा पट्टा आहे, टू मीटर म्हणतात. लायसनवाल्या प्रत्येक हॅमला सरकार एक कोड देते, तेच कॉलसाइन, रेडिओवरचं त्याचं नाव. तुमचा सेट १३६ पासून १७४ पर्यंत आणि वर ४०० पासून ४८० पर्यंत कुठंही बोलतो, बटन दाबलं की झालं, तो विचारत नाही की ही जागा कोणाची. त्यात पोलीस येतात, फायरवाले येतात, जहाजांचा पट्टा येतो. विकणाऱ्यानं रिकामा दिसला तो नंबर भरला आणि दिला तुमच्या हातात.

आता तो टोन. हे नीट वाचा, कारण अर्ध्या नागपूरला हे माहीत नाही. टोन टाकला म्हणजे तुमचं बोलणं लपत नाही. तुमच्या सेटला फक्त एवढंच सांगितलं जाते की बारीक घुं असा हा आवाज ज्याच्या मागे असेल त्याचंच ऐकव, बाकी सगळ्यांसाठी स्पीकर बंद ठेव. म्हणजे तुमचं सगळं गाव ऐकते आणि तुम्ही मात्र कोणाचंच ऐकत नाही. कानात कापसाचे बोळे घालून व्हरायटी चौकात उभं राहून ओरडायचं आणि म्हणायचं वा, काय शांतता आहे. दोन माणसं तिथं आधीच बोलत असतील तरी तुम्हाला दिसणार नाही, तुम्ही सरळ त्यांच्यावर बटन दाबणार. आणि तुमचे सेट ज्या एफएम पद्धतीनं चालतात त्यात गंमत अशी की जो सिग्नल जोरात तोच ऐकू येतो, दबलेला आवाज खरखर पण करत नाही, पुसूनच जातो. त्यामुळे तुम्ही कोणाला चिरडलं हे तुम्हाला कधी कळतच नाही. त्या सद्गृहस्थांनी आधी तुमचा टोन शोधला असेल, तो आपल्या सेटवर लावला असेल, तेव्हा कुठं ते तुमच्या स्पीकरमधून बोलू शकले. एवढा उपद्व्याप कोणी रागानं करत नाही, समजून घ्या.

दुसरं, हॅमचं लायसन काढून बिछायतीचं काम होणार नाही. डोक्यातून काढून टाका. हौशी म्हणजे हौशीच, धंद्याचा एक शब्द चालत नाही त्यावर, पनीर संपलं हे पण नाही. शिवाय लायसन तुमच्या एकट्याच्या नावावर, तुमच्या पाच पोरांना वेगवेगळी परीक्षा द्यावी लागेल, आणि समजा सहाही जण पास झाले तरी पनीर चालणार नाहीच.

ऑनलाइन मिळते म्हणून कायदेशीर हे तर विसराच. याच कारणावरून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विकणाऱ्या १३ प्लॅटफॉर्मना वॉकीटॉकीबद्दल नोटिसा दिल्या होत्या, कुठली फ्रिक्वेन्सी, लायसन लागते का, काही न लिहिता विकत होते म्हणून. जुना १९३३ चा वायरलेस कायदा होता त्यात नुसता सेट जवळ ठेवायला पण परवाना लागायचा, २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही ती अट आहेच.

तुमच्यासाठी सरळ रस्ता वेगळा आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटासा पट्टा सरकारनं २०१८ मध्ये लायसनमुक्त केला, कमी पॉवरचे सेट, तेवढ्यापुरतेच बनवलेले, टाइप अप्रूव्हल असलेले, म्हणजे सरकारनं मंजूर केलेलं मॉडेल. ते घ्या. पॉवर कमी म्हणून नाक मुरडू नका, लॉनपुरतं बोलायचं आहे, चंद्रपूरला नाही.

पकडते का विचारलं. वायरलेस मॉनिटरिंगचं स्टेशन आपल्या नागपुरातच आहे, त्यांचं कामच ऐकायचं आहे. रोज पकडतात असं मी म्हणत नाही. पण दर शनिवारी त्याच लॉनवरून तोच आवाज येत असेल तर शोधायला काही फार अक्कल लागत नाही, पत्रिकेवर पत्ता छापलेला असतो.

उलटसुलट

काका, पोट्ट्याला इतकं कायले घाबरवता. लग्नात पनीर संपलं एवढंच सांगून राहिला तो, काही विमान नाही पाडलं.

आता माझं उलटं मत. हवा सरकारच्या बापाची नाही, १९९५ साली सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, अन् तरी जनतेतल्या माणसानं बटन दाबलं की तो चोर? इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात लोकांनी अमेरिकेतून सीबीचे, म्हणजे सामान्य लोकांसाठीच्या सिटिझन्स बँडचे, सेट चोरून आणले, २७ मेगाहर्ट्झवर धिंगाणा घातला, सरकारनं पकडापकडी करून पाहिली, शेवटी नोव्हेंबर १९८१ मध्ये मुकाट्यानं सीबी कायदेशीर करावं लागलं. लोकांनी आधी वापरलं म्हणून मिळालं. आपल्याकडे बिहारमध्ये मन्सूरपूरला एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं पन्नास रुपयांच्या किटवर गावाचं एफएम चालवलं, लोक जाम खूश, २००६ मध्ये बंद पाडलं. कोणाचं भलं झालं त्यात? अन् आपल्याच मुंबईत १९४२ ला उषा मेहतांनी काँग्रेस रेडिओ चालवला तो काय लायसन काढून? ४२.३४ मीटर, ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत. आज आपण त्यांचं नाव आदरानं घेतो.

माझ्या लायसनची गोष्ट सांगू का. परीक्षा पास झालो, मग कागद, मग पोलीस व्हेरिफिकेशन, घरी हवालदार आला तर आई रडायलाच लागली, शेजारी विचारून राहिले पोरानं काय केलं. त्यानंतर दीड वर्ष वाट. दीड वर्ष! तोपर्यंत सेटची बॅटरी फुगली. मग लोक म्हणतात तरुण पोरं हॅमकडे काऊन येत नाहीत.

अँटेनाकाका

उलटसुलट, दीड वर्षाचं मान्य. माझं त्याहून जास्त लागलं होतं, तेव्हा तर सगळं पोस्टानं. आता अर्ज सरकारच्या सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन होतात, जरा तरी हालतात. त्या बाबतीत मी सरकारची वकिली करणार नाही.

पण उषाबेनना यात ओढू नका हो. त्यांना पक्कं माहीत होतं की हा गुन्हा आहे आणि तुरुंग आहे, जागा बदलत बदलत चालवला, पकडल्या गेल्या, चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात राहिल्या. रोज प्रक्षेपणाच्या सुरुवातीला सांगायच्या की हा काँग्रेस रेडिओ आहे, भारतातून कुठूनतरी बोलतोय. आपण कोण ते लपवलं नाही, फक्त कुठं ते लपवलं. १९३९ ला युद्ध लागल्यावर इंग्रजांनी सगळ्या हौशींची लायसन रद्द केली होती, म्हणजे कायदेशीर दार बंदच होतं त्या काळात. आज ते उघडं आहे, करकरतं, गंजलेलं आहे, पण उघडं आहे.

आणि मूळ मुद्दा मी सांगायचा राहिला. भाऊंनी लिहिलं नं की ते चूप झाले आणि तेच भीतीदायक वाटलं. ते चूप झाले कारण त्यांना बोलायची परवानगीच नाही. लायसनवाला हॅम फक्त लायसनवाल्या हॅमशी बोलू शकतो. तुमचं कॉलसाइन नाही हे कळल्यावर पुढं गप्पा मारल्या असत्या तर त्यांचंच लायसन धोक्यात. सूचना दिली, बाजूला झाले. सेट दोन-अडीच हजारात कोणालाही मिळतो, पण त्यावर उत्तर देणारा माणूस विकत मिळत नाही. चोरून बोलणाऱ्यांची हीच बोंब असते, आपापसातच बोलत बसतात. ब्राझीलमधले ट्रकवाले अमेरिकन नौदलाच्या सॅटेलाइटवर चढून गप्पा मारायचे, २००९ मध्ये त्यांची धरपकड झाली, मला वाचून हसू आलं होतं, डोकं बघा काय लावलं आणि कशासाठी, तर घरच्या गप्पा.

मी एकदा पहाटे पाचला वीस मीटरच्या पट्ट्यावर मोर्सच्या लांब-आखूड ठोक्यांत सीक्यू दिलं, म्हणजे कोणी आहे का अशी हाक, डा डिट डा डिट, डा डा डिट डा, खिडकीबाहेर दूधवाल्याची सायकल आणि इकडे कोणी जपानी म्हातारा उत्तर देतो, तुझा सिग्नल पाच नऊ नऊ, म्हणजे एकदम स्पष्ट, नागपूर म्हणजे संत्री का? मोर्समध्ये संत्री शब्द एकेक अक्षर करून येतो तेव्हा काय वाटते ते मला लिहिता येणार नाही. त्याला माझ्याशी बोलता आलं ते केवळ माझ्याकडे व्हीयू२ नं सुरू होणारं भारताचं कॉलसाइन होतं म्हणून.

तर्रीबाज

काका अंदमानचं सांगा नं, तुम्ही ते सांगितल्याशिवाय थांबत नाही.

अँटेनाकाका

थट्टा करा. थोडक्यात सांगतो मग. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांची टीम पोर्ट ब्लेअरला हॅम स्टेशन लावून बसली होती, अंदमानातून हौशी रेडिओ १९८७ नंतर पहिल्यांदा हवेत आला होता, परवानगी मिळवायला वर्षं घालवली होती बाईंनी. जगभरचे लोक नुसतं "ऐकू आलं, धन्यवाद" एवढंच म्हणायला रांगा लावून होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन मेले, आणि तेच स्टेशन निरोप पोचवायच्या कामाला लागलं. कोण जिवंत आहे, कोण सापडलं नाही. परवानगी कागदावर होती म्हणून प्रशासनानंही काम करू दिलं. झालं. थांबलो.

फुटाळ्यावरची

मी फायनल इयर इलेक्ट्रॉनिक्स, व्हीयू३ आहे, म्हणजे हॅम लायसनची खालची पायरी, रिस्ट्रिक्टेड ग्रेड. भाऊ धंद्यासाठी हॅम नाही चालणार हे काकांनी सांगितलंच, पण आवड म्हणून करायचं असेल तर इतकं अवघड नाहीये. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही, जनरल ग्रेडला लागते, मिनिटाला आठ शब्द. पेपरमध्ये एक भाग थिअरी, ओहमचा नियम, फिल्टर, अँटेना असलं, अन् दुसरा भाग नियम, क्यू कोड म्हणजे क्यूनं सुरू होणारे रेडिओवरचे संक्षेप वगैरे. वय बारा पूर्ण पाहिजे, वरची मर्यादा नाही, माझ्यासोबत एक बँकेतून रिटायर झालेले आजोबा परीक्षेला होते अन् त्यांचे माझ्यापेक्षा जास्त मार्क आले 😐. फी मी वीस वर्षांची हजार भरली.

एक गोष्ट सांगते, तुम्हाला राग नको यायला. मागच्या वर्षी मी अन् मैत्रीण फुटाळ्यावर संध्याकाळी मोजपट्टीचा अँटेना घेऊन गेलो होतो, म्हणजे ती सुताराकडची पिवळी स्टीलची टेप असते नं, ती कापून पीव्हीसी पाइपवर लावायची, झाला यागी, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना. भुट्टेवाला विचारून राहिला मॅडम हे मच्छर मारायचं आहे का. आम्ही स्पेस स्टेशनचा पास पकडून राहिलो होतो, ते वरून जाते तेव्हा १४५.८०० वर चित्रं पाठवतात कधीकधी, आवाजातून, किर्रर्र किर्रर्र असा आवाज येते अन् मोबाईलच्या अॅपवर एकेक ओळ करून फोटो उमटत जाते. वर चारशे किलोमीटरवरून येणारा तो सिग्नल, दहा मिनिटांत स्टेशन क्षितिजाखाली. अर्धा फोटो छान आला, निळी पृथ्वी, कोपऱ्यात कॉलसाइन. अन् मग धाडकन "अरे जनरेटरचं डिझेल कोण आणणार होतं बे". फोटोच्या खालच्या अर्ध्यात नुसती मुंग्यामुंग्यांची पट्टी.

तुम्हीच होते असं नाही म्हणत, सगळेच वापरून राहिले आजकाल. पण तो फोटो अजून मोबाईलमध्ये आहे, डिलीट नाही होत माझ्याच्यानं. २०२५ च्या जुलैमध्ये शुभांशू शुक्ला वरून हॅम रेडिओनं भारतातल्या शाळेच्या पोरांशी बोलले होते, तेव्हा पण मला मनात हेच येत होतं की आता कोणाचं तरी डिझेल संपू नये.

अन् उलटसुलट दादा, लायसनचा कंटाळा असेल अन् तरी खेळायचं असेल तर ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे की, लोरा. तो लायसनमुक्त आहे, छोटे बोर्ड मिळतात, मजकूर पाठवता येते एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर. आम्ही कॉलेजच्या होस्टेलपासून सेमिनरी हिल्सपर्यंत नेलं. त्याच्यासाठी हवालदार घरी येत नाही.

उलटसुलट

ते डिझेलवालं वाचून वाईट वाटलं राव. खरंच. तरी माझा मुद्दा कायम आहे, लायसन पंधरा दिवसांत द्या मग बघा किती चोर उरतात. लोराचं बघतो, बोर्ड कुठला घेतला ते टाक.

बिछायतवाला_नागपूर

आठवड्यानंतर येऊन राहिलो, सीझनची गडबड होती. ४४६ वाले चार सेट आणले, आधी खोक्यावर ते टाइप अप्रूव्हलचं पाहून घेतलं. काल लॉनवर टेस्ट केली. किचन ते स्टेज एकदम क्लिअर, डीजेच्या बाजूला उभं राहूनसुद्धा. पार्किंगला मधात तो पाण्याचा टँकर अन् जनरेटरची गाडी उभी राहते तिथं तुटून राहिलं, मग गेटवर एक पोट्टा स्टुलावर उभा केला तो इकडचं तिकडे सांगते. चालून जाते. बाओफेंगच्या सहापैकी पाच सेटच्या बॅटऱ्या काढून गोदरेजच्या कपाटात टाकल्या, विकणाऱ्याला फोन केला परत घे म्हणून, तो आता फोन उचलत नाही.

फुटाळ्यावरच्या ताई, डिझेलवाला मी नाही, आमचा जनरेटर भाड्याचा असते, डिझेल त्याचं. पण गुलाबजामवाला मीच.

अन् एक सांगायचं होतं, काकांनी ते डा डिट डा डिट लिहिलं नं, ते दोन दिवसांपासून डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. काल हिशोब करता करता चमच्यानं डब्यावर वाजवून राहिलो होतो, बायको म्हणे येडा झाला का. धंदा वेगळा ठेवून, फक्त घरी, रात्री, असं करता येते नं? पुस्तक कुठलं वाचू? आणि काका, ते त्या रात्रीचे कोण होते ते तुम्हाला माहीत असेल तर सांगा, मला त्यांना सॉरी म्हणायचं आहे. अजून एक सेट चार्ज आहे, त्याच टायमाला त्याच चॅनलवर एकदा फक्त सॉरी म्हणू का?

अँटेनाकाका

अरे बाबा, नको! तो पण सेट बंद कर आधी. सॉरीसुद्धा विनालायसनच होईल, आणि ते उत्तर देऊ शकणार नाहीत, उगीच रात्रभर विचार करत बसतील.

पुस्तकाचं मेसेजमध्ये सांगतो, मोर्सची जुनी की पण आहे माझ्याकडे पडलेली, पितळी, स्प्रिंग जरा सैल आहे. रविवारी सकाळी ये धरमपेठेत, चमचा घरी ठेवून ये.

तर्रीबाज

येताना गुलाबजाम आण बे.